भिंतीतली टकटक

१८४९ सालच्या ३ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात निवडणुकीची धामधूम चालू होती. मतदानासाठी घेतलेल्या एका मद्यालयापाशी चाळिशीचा एक माणूस भ्रमिष्ट अवस्थेत सापडला. अंगावरचे कपडे मळके, ढगळ आणि बहुधा दुसऱ्याच कुणाचे. त्याला रुग्णालयात नेले. चार दिवस तो शुद्धी-बेशुद्धीच्या काठावर होता. आपण इथे कसे आलो हे त्याला धडपणे सांगता आले नाही आणि ७ तारखेला, रविवारी पहाटे, त्याने प्राण सोडला. २७ सप्टेंबरला तो रिचमंडहून निघाला होता. मधले दिवस त्याने कुठे काढले, याचा उलगडा दीडशेहून अधिक वर्षे शोधूनही झालेला नाही.

रहस्यकथेच्या जनकाने जाताना स्वतःच्याच मरणाचे रहस्य मागे ठेवावे, हा योगायोग इतका नाट्यमय आहे की एडगर अ‍ॅलन पोवर लिहिणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मीही केली. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यानंतर दोन दिवसांनी घडलेली गोष्ट. ९ ऑक्टोबरच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पोवर मृत्युलेख आला. खाली नाव होते लुडविग. ते खोटे होते. लिहिणारा होता रूफस ग्रिझवोल्ड, काव्यसंग्रहांचा नावाजलेला संपादक आणि पोचा जुना वैरी. पो गेल्याचे दुःख फारच थोड्यांना होईल, असा लेखाचा सूर. माणूस तऱ्हेवाईक, गर्विष्ठ, मत्सरी, कुणावर माया नसलेला. यातली गंमत अशी की या स्वभाववर्णनाचा बराचसा भाग ग्रिझवोल्डने बुल्वर-लिटन या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘द कॅक्सटन्स’ या त्या काळी नव्या असलेल्या कादंबरीतल्या एका पात्राच्या वर्णनावरून जवळजवळ जसाच्या तसा उचलला होता! ज्या माणसाने आयुष्यभर काल्पनिक पात्रे घडवली, त्याच्या अंगावर मरणानंतर एका काल्पनिक पात्राचा स्वभाव चढवला गेला. आणि लोकांना तो अगदी बरोबर मापाचा वाटला.

का वाटला, याचे उत्तर पोच्या कथांतच आहे. त्याच्या गाजलेल्या कथांतले खुनी स्वतःच आपली हकिगत सांगतात, ‘मी’ म्हणून बोलतात. वाचकाने त्या ‘मी’च्या जागी लेखकाला बसवले. आजही कितीतरी वाचक तेच करतात. दारुडा, अफूबाज, अर्धवेडा प्रतिभावंत हे पोचे चित्र आपल्याकडेही पक्के आहे. मला मात्र त्याच्या कथा वाचताना दर वेळी उलटेच जाणवत आले आहे. इतके शुद्धीवर राहून लिहिणारा लेखक क्वचितच सापडेल.

एडगरचा जन्म १९ जानेवारी १८०९ चा, बॉस्टनचा. आई-वडील दोघेही नाटकात काम करणारे, गावोगाव फिरणारे. वडील लवकरच घर सोडून गेले. आई एलिझाबेथ डिसेंबर १८११ मध्ये रिचमंड येथे वारली, तेव्हा ती अवघी २४ वर्षांची होती आणि एडगर तिसऱ्या वर्षात. तीन भावंडांची तीन दिशांना पांगापांग झाली. एडगर गेला जॉन अ‍ॅलन या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी. त्यांनी त्याला वाढवले, आपले आडनाव मध्ये लावू दिले, १८१५ ते १८२० या काळात इंग्लंडमधल्या शाळांत घातले. पण रीतसर दत्तक कधीच घेतले नाही. घरात असून घरचा नाही, अशी ती अवस्था. फ्रान्सिस अ‍ॅलन या माउलीने मात्र त्याच्यावर जीव लावला.

पुढे १८२६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात प्रवेश, पैशांची चणचण, जुगार, सुमारे दोन हजार डॉलरचे कर्ज, अ‍ॅलनसाहेबांचा ते फेडायला नकार, कायमचे भांडण. एक वर्षही पुरे न होता शिक्षण संपले. १८२७ मध्ये हा अठरा वर्षांचा मुलगा बॉस्टनला जाऊन खोट्या नावाने सैन्यात भरती झाला. त्याच वर्षी त्याचे पहिले छोटेसे कवितांचे पुस्तक निघाले, त्यावर त्याचे नावही नव्हते. तोफखान्यात त्याला दारूगोळा तयार करण्याचे कारागिराचे काम मिळाले आणि थोड्याच काळात तो सार्जंट मेजरच्या पदापर्यंत चढला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पोची ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. गोळ्यात दारू किती भरायची आणि वात किती लांब ठेवायची हे ज्याला नेमके कळते, असा हा माणूस होता.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून १८३१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. ते त्याने जवळजवळ ओढवूनच घेतले. जॉन अ‍ॅलन १८३४ मध्ये वारले आणि मृत्युपत्रात त्यांनी एडगरसाठी एक पैही ठेवली नाही. तोवर तो बाल्टिमोरला आत्या मारिया क्लेम हिच्या आश्रयाला गेला होता. आत्या शिवणकाम करून घर चालवी. तिची मुलगी व्हर्जिनिया. मे १८३६ मध्ये पोने तिच्याशी लग्न केले तेव्हा तो २७ वर्षांचा आणि ती जेमतेम १३ वर्षांची होती. आज हे वाचून आपण दचकतो, आणि त्या काळीही हे वय लहानच मानले जाई. पण त्या घरात तिघांचा एकमेकांवर फार जीव होता, याविषयी त्यांना ओळखणाऱ्यांचे दुमत दिसत नाही.

पोट भरायचे साधन एकच, लेखणी. अमेरिकेत तेव्हा मासिकांचा सुकाळ होता आणि लेखकांना मोबदला देण्याचा दुष्काळ. रिचमंड, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क असा हा संसार मासिकांच्या नोकऱ्यांमागे फिरला. १८४१ मध्ये ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’मध्ये वर्षाला ८०० डॉलरची संपादकाची नोकरी लागली, हे त्यातल्या त्यात सुखाचे दिवस. याच मासिकात एप्रिल १८४१ मध्ये ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ छापून आली आणि तर्काच्या बळावर गुन्ह्याचा उलगडा करणारा द्युपाँ हा नायक जन्मला. शेरलॉक होम्सचा हा थोरला भाऊ. होम्सने आपल्या पहिल्याच कादंबरीत त्याला नाके मुरडली असली, तरी कॉनन डॉइल यांनी पोचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले होते. जपानमध्ये तर एका रहस्यकथाकाराने पोचेच नाव जपानी उच्चारात घोळवून एदोगावा राम्पो हे टोपणनाव घेतले. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि नारायण धारपांच्या भयकथा यांवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांनी पोचे नाव ऐकले असो वा नसो, त्याने मळलेल्या वाटेवरून त्याही चालल्या आहेत.

मे १८४२ च्या ‘ग्रॅहॅम्स’मध्ये पोने नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या कथांवर एक परीक्षण लिहिले. त्यात त्याने कथेविषयीचे आपले मत मांडले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी. लेखकाने आधी ठरवावे की वाचकाच्या मनावर कोणता एक परिणाम घडवायचा आहे, आणि मग पहिल्या वाक्यापासून एकही शब्द त्या परिणामाच्या बाहेरचा लिहू नये. शाळेत कथेवर तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात: पात्राचे स्वभावचित्र रेखाटा, वातावरणाचे वर्णन करा, मध्यवर्ती कल्पना सांगा. प्रत्येकी चार गुण. मुलेही तीन डब्यांत तीन पदार्थ भरावेत तशी उत्तरे भरतात. पोच्या हिशेबात हे तीन पदार्थ नव्हतेच. वरणातून हळद वेगळी काढता येत नाही, तसे काहीसे.

हे परीक्षण येण्याच्या थोडेच आधी, जानेवारी १८४२ मध्ये, त्याच्या घरात एक गोष्ट घडली होती. व्हर्जिनिया संध्याकाळी गात होती. गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आले. क्षयाची ती पहिली खूण. ती वाचणार नाही असे वाटले, पण ती सावरली. काही महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा सावरणे. असे एक ना दोन, पाच वर्षे चालले. पुढे एका पत्रात पोने लिहिले की त्याला वेडाच्या काठावर नेले ते तिच्या मरणाने नव्हे, तर आशा आणि निराशा यांच्यामध्ये सतत हेलकावत राहण्याने. घरात लांबचे दुखणे काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. रात्री दोन वाजता शेजारच्या खाटेवरचा श्वास ऐकत जागे राहणे, तो क्षणभर थांबला की आपलाही थांबणे.

त्या पहिल्या रक्तानंतर बरोबर वर्षाने, जानेवारी १८४३ मध्ये, ‘द टेल-टेल हार्ट’ प्रसिद्ध झाली. जेम्स रसेल लोवेलच्या ‘द पायोनिअर’ या मासिकात. हे मासिक तीन अंक काढून बंद पडले. त्याआधी बॉस्टनच्या दुसऱ्या एका मासिकाचा संपादक हेन्री टकरमन याने ती परत पाठवली होती. पोने जरा शांत स्वरूपाचे लेखन पाठवावे, असे त्याचे म्हणणे. मला या अभिप्रायाचे नेहमी हसू येते, कारण इतकी शांत कथा शोधूनही मिळणार नाही. ती अख्खी कथाच शांततेवर उभी आहे.

घटना दोन वाक्यांत सांगून संपतात. एक माणूस एका म्हाताऱ्याबरोबर राहतो, रात्री त्याचा खून करतो आणि प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली पुरतो. पोलीस येतात, आणि फळ्यांखालून त्या मेलेल्या माणसाच्या काळजाचे ठोके ऐकू येताहेत असे वाटून तो स्वतःच गुन्हा कबूल करतो. खून कुणी केला हे लपवलेले नाही. म्हणजे उत्कंठा ‘कोण’ याची नाही. मग पान उलटायला भाग पाडते ते काय?

तो सांगणारा माणूस. कथेच्या पहिल्या ओळीपासून तो आपल्याला पटवू पाहतो की तो वेडा नाही. आजाराने आपले कान अधिक तीक्ष्ण झाले आहेत, एवढेच. पुरावा म्हणून तो आपली सावधगिरी सांगतो. सात रात्री ऐन मध्यरात्री त्याने दार कसे कणाकणाने उघडले, झडपेचा कंदील आत कसा सरकवला, प्रकाशाची एकच तिरीप म्हाताऱ्याच्या डोळ्यावर कशी पाडली. आणि रोज सकाळी त्याच म्हाताऱ्याची रात्र कशी गेली, याची प्रेमाने विचारपूस केली. हेतू? पैसा नाही, सूड नाही. म्हाताऱ्यावर आपले प्रेम होते, असेच तो म्हणतो. खटकत होता तो फक्त त्याचा एक डोळा, फिकट निळा, वर पडदा आलेला, गिधाडासारखा. आता बघा, तो जितके शहाणपणाचे दाखले देतो तितके आपण खुर्चीत मागे सरकतो. त्याचा स्वभाव त्याने स्वतःबद्दल काय सांगितले यात नाही, तर तो कशा रीतीने सांगतो त्यात आहे. कुठे घाई करतो, कुठे तेच तेच शब्द पुन्हा म्हणतो, आपल्याच हुशारीवर कुठे खूश होतो, हे पाहत गेले की माणूस उभा राहतो.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजीत हा निवेदक पुरुष आहे की स्त्री, हे पोने कुठेच स्पष्ट सांगितलेले नाही. म्हाताऱ्याशी त्याचे नाते काय, गाव कोणते, घर कसे, हेही नाही. मराठीत ही सोय नाही. मी उठलो की मी उठले, हे पहिल्याच क्रियापदाला ठरवावे लागते. या लेखातही मी स्त्री आहे हे तुम्हाला केव्हाच कळले असेल. पोच्या अनुवादकाने निवेदकाला पुरुष केले, की मूळ कथेत मोकळी ठेवलेली एक जागा आपोआप बुजते. नाव, गाव, नाते, लिंग यांतले काहीच नसलेला एक आवाज काळोखात आपल्याशी बोलतो, ही त्या कथेतली खरी भीती आहे.

वातावरण म्हटले की आपल्याला मुसळधार पाऊस, पडका वाडा, वटवाघळे आठवतात. या कथेत यातले काही नाही. एक बंद खोली, चोरांच्या भीतीने लावून घेतलेल्या खिडक्या आणि काळोख. आठव्या रात्री कंदिलाच्या कडीवरून अंगठा सटकतो, म्हातारा दचकून उठून बसतो. आणि मग तासभर काहीही घडत नाही. दोघेही काळोखात हलायचे थांबून एकमेकांची चाहूल घेत राहतात. पोचे सगळे कसब या तासात आहे. निवेदक म्हणतो की आपणही असेच रात्री-रात्री जागून भिंतीतला किडा ऐकलेला आहे. लाकूड पोखरणारा हा किडा डोके आपटून टकटक आवाज करतो. तो आवाज दिवसाच्या गलबल्यात ऐकू येत नाही, आजाऱ्याजवळ जागणाऱ्यांना ऐकू येतो, म्हणून तिकडे तो मरणाची सूचना मानला गेला. आपल्याकडे नको त्या वेळी पाल चुकचुकली की घरातली वडीलधारी माणसे गप्प होतात, तसेच. एवढ्या एका तपशिलातून कळते की हा मारेकरीही कधीकाळी भीतीने रात्र-रात्र जागलेला आहे. म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेले कण्हणे त्याला ओळखीचे वाटते, कारण ते त्याच्याही घशातून कधीतरी निघालेले आहे. वातावरणाचे म्हणून जे होते ते अलगद स्वभावाचे झाले. आणि मारणारा नि मरणारा एकाच भीतीचे धनी आहेत हे लक्षात आले, की आशय वेगळा शोधावा लागत नाही.

मग ते ठोके कुणाचे? प्रेताचे असणे शक्य नाही. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच काळजाची धडधड कानात ऐकू येते, हे आपण सगळे जाणतो. की भिंतीतल्या किड्याची ती टकटक होती? पो सांगत नाही. मला स्वतःला दुसरी शक्यता सर्वांत खरी वाटते, पण ती खरी धरूनही शेवटच्या परिच्छेदाला अंगावर काटा यायचा तो येतोच. अपराध्याचे मनच त्याला पकडून देते असा आशय या कथेवर लिहिणारे नेहमी सांगतात. तो चूक नाही, अपुरा आहे. या माणसाला पश्चात्ताप झाल्याची एकही खूण कथेत नाही. समोर बसून हसतखेळत बोलणाऱ्या तीन पोलिसांना सगळे कळले आहे आणि ते आपली थट्टा करताहेत, या संशयाने तो फुटतो. ज्या तल्लख कानांचा त्याला अभिमान होता, तेच त्याला पुरून उरतात.

आता काही चरित्रकार आणि मानसशास्त्रज्ञ म्हणतात की तो म्हातारा म्हणजे जॉन अ‍ॅलन, आणि खून म्हणजे पोने मनात धरलेला सूड. हा तर्क सोयीचा आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. असा अर्थ लावणे ही ग्रिझवोल्डचीच रीत, जरा सभ्य कपड्यांतली. पोने आयुष्यातून कथेत आणले ते माणूस नव्हेत, खूनही नव्हे. त्याने आणली ती वाट पाहण्याची तऱ्हा. १८४२ च्या त्या वर्षात आजाऱ्याच्या खोलीबाहेर तो ज्या भीतीने कान देऊन बसला असेल, ती भीती त्याने एका अगदी वेगळ्या, स्वतःशी काडीचे साम्य नसलेल्या माणसाच्या हाती दिली. आणि ती देताना वातीची लांबी मोजायला विसरला नाही. कथा इंग्रजीत सव्वादोन हजार शब्दांच्या आतबाहेर आहे. चहा निवायच्या आत वाचून होते.

नोव्हेंबर १८४६ च्या ‘द कास्क ऑफ अमोन्टिलाडो’मध्ये त्याने हाच डाव उलट्या बाजूने मांडला. तिथला निवेदक थंड, विनोदी, आदबशीर. शत्रूला भिंतीत चिणल्याची हकिगत तो पन्नास वर्षांनंतर सांगतो आहे हे शेवटी कळते, आणि मग प्रश्न पडतो की पन्नास वर्षे ही गोष्ट जशीच्या तशी ज्याच्या मनात राहिली, तो खरोखर सुटला का?

ही कथा छापून आली तेव्हा पो न्यूयॉर्कजवळच्या फोर्डहॅम इथल्या छोट्याशा घरात राहत होता. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी ‘द रेव्हन’ या कवितेने त्याला देशभर कीर्ती मिळवून दिली होती, पण घरात पुरेशी पांघरुणे नव्हती. गवताच्या गादीवर पडलेल्या व्हर्जिनियाला ऊब म्हणून नवऱ्याचा जुना लष्करी कोट पांघरलेला होता, असे भेटीला गेलेल्या एका बाईंनी लिहून ठेवले आहे. ३० जानेवारी १८४७ रोजी ती गेली. वय २४, त्याच्या आईइतकेच. त्यानंतर पो अडीच वर्षे जगला. त्या काळात दारूने त्याला अनेकदा गाठले, हे खोटे नाही. तरीही तो व्याख्याने देत होता, स्वतःचे मासिक काढायचे स्वप्न घेऊन वर्गणीदार शोधत फिरत होता. बाल्टिमोरचा शेवटचा प्रवास त्याच धावपळीतला.

ग्रिझवोल्ड १८५७ मध्ये वारला. त्याने रंगवलेले पोचे चित्र मात्र टिकले. त्याने पत्रांत केलेल्या फेरफारांचा पुराव्यानिशी उलगडा झाला तो आर्थर हॉब्सन क्विन यांच्या १९४१ च्या चरित्रात, म्हणजे पो गेल्यानंतर ९२ वर्षांनी. द्युपाँला शोभेल असेच ते काम होते. मूळ पत्रे आणि छापील पत्रे शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली गेली.

पोच्या थडग्यावर बरीच वर्षे धड खूणही नव्हती. बाल्टिमोरच्या शिक्षकांनी आणि शाळकरी मुलांनी वर्गणी काढून पैसे जमवले आणि नोव्हेंबर १८७५ मध्ये तिथे संगमरवरी स्मारक उभे राहिले. समारंभाला कवी वॉल्ट व्हिटमन हजर होता. मारिया आत्या तोवर वारली होती, तिलाही तिथेच जागा मिळाली. दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, फोर्डहॅमहून व्हर्जिनियाच्या अस्थी आणून शेजारी पुरल्या गेल्या. तिघांचे ते घर पुन्हा एका ठिकाणी आले. स्मारकावर कोरलेली पोची जन्मतारीख मात्र एका दिवसाने चुकलेली आहे. १९ च्या जागी २० जानेवारी.